वनिता पडली तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ

आज उतरताना वनिताचं विमान उसळलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक धावपट्टीवर घासत गेलं. माह्यासंगं विमान शिकणारी, माह्या खोलीतली धानोऱ्याची वनिता, माह्या आधी सरांशिवाय एकटी उडालेली. मी धावत गेली, पण पहिल्या क्षणी मले बरं वाटलं. बरं! काऊन?

ती आपला मोडलेला हात धरून उतरली, तर शिकवणारे सर म्हणाले, "इंजिन वेळेवर बंद केलंस, शाबास." विमान मोडून शाबास! मले तर एकदाही नाई.

दवाखान्यात तिनं विचारलं, "तू खालून पाहून राह्यली होती ना? माह्यं काय चुकलं?"

वेग जास्त होता. मले साफ दिसलं होतं.

"मले नाई दिसलं," मी म्हटलं.

प्लास्टर निघालं की ती पुन्हा तशीच उतरेल.