इन्स्पेक्टरची बायको

४ मार्च

मारणार मला! म्हणजे इन्स्पेक्टरच्या बायकोला. पण रेडिओवर तिचा आवाज मीच, म्हणजे मलाच. आज नवं स्क्रिप्ट हातात पडलं. गाडी येते, गोळी सुटते, बाई किंकाळी फोडते, खलास.

इतकी वर्षं मालिका चाललीय. पुरुष डझनभर — चोर, पोलीस, वकील. बोलका पोपट, तोही नर! बाई एकच. तिची वाक्यं मी झोपेतही म्हणेन : "चहा टाकू?" "आलात?" "जपून जा हं." आता तेवढीही जड झाली यांना.

५ मार्च

लेखकमहाशयांना कॅन्टीनमध्ये गाठलं. का मारताय तिला?

"तसं नाही हो ताई. इन्स्पेक्टर हल्ली थंड पडलाय. बायको गेली की पेटून उठेल."

म्हणजे ही काडेपेटी! म्हटलं, एखादा गुन्हा तिला उलगडू द्या की. घरात बसून सगळं ऐकत असते, चोर कोण ते तिला त्याच्या आधी कळत असणार. महाशय हसले. "श्रोते इन्स्पेक्टरसाठी ऐकतात, ताई." वर माझ्याच बशीतलं बिस्किट उचललं! तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी नवऱ्याला सांगितलं. "ओरडायचंच आहे ना? रोज ओरडतेसच की."

६ मार्च

नवऱ्याशी बोलत नाहीये.

९ मार्च

मेले.

नेहमीसारखी एकटीच. पुरुषांचं रेकॉर्डिंग एकत्र, हसतखिदळत. माझं वेगळ्या दिवशी, रिकाम्या खोलीत. माझे तुकडे नंतर मध्ये चिकटवतात. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणतो, "किंकाळी जरा नाजूक हवी." गोळी लागल्यावर नाजूक ओरडतात होय रे? घसा फोडून ओरडले. त्यानं कानावरचे हेडफोन भिरकावले.

मग जिन्यात बसून रडले. एका बिनकामाच्या बाईसाठी! — नाही, बिनकामाची तिला यांनी केली. माझ्या डोक्यात ती चांगली हुशार होती.

१२ मार्च

कमाल झाली! लेखकाचा फोन. आवाज एकदम लोण्यासारखा.

पुढच्या भागात इन्स्पेक्टर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तिला नावानं हाका मारतो. हिरो माईकपुढे उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "हिचं नाव काय?" कुणालाच सांगता येईना! स्क्रिप्टमध्ये सगळीकडे "पत्नी". तो म्हणतो "अगं", बाकीचे "वहिनी".

"अगदी सुरुवातीची स्क्रिप्टं रद्दीत गेली हो. तेव्हाच्या तुम्ही एकट्याच उरलात. चुकीचं नाव घेतलं तर श्रोते फाडून खातील. काय होतं नाव?"

काही नव्हतं! कधीच नव्हतं. चोराच्या कुत्र्याला नाव आहे, हिला नाही. इतकी चिडले की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण शांतपणे एक नाव सांगितलं.

"हां हां, आठवलं!" म्हणाले. खोटारडा!

माझंच नाव सांगितलं. त्याला पत्ताच नाही — इतकी वर्षं नुसतं ताई, ताई करतोय!

१८ मार्च

आज लागला तो भाग. हिरो रडला मात्र मनापासून. एकामागून एक हाका. नवऱ्याचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघतोय, रेडिओकडे बघतोय. तेवढ्यात आईचा फोन — "अगं, तुझ्या नावानं कोण गळा काढतंय? बरी आहेस ना?"

शेवटी कलाकारांची नावं सांगितली. सगळे पुरुष, मग "आणि इतर". इतर म्हणजे मी. डोळ्यांत पाणी आलं, रागानं.

२१ मार्च

पुन्हा लेखक. "ताई, फोन थांबत नाहीयेत हो! ही कोण होती, तिचं काय झालं, लोक सोडायलाच तयार नाहीत. धुगधुगी होती असं दाखवू या?"

दाखवा, म्हटलं. पण शुद्धीवर आल्यावर ती चहा टाकणार नाही. पहिलं वाक्य मी सांगते, घ्या लिहून.