खालचा गॅस कोणाचा आणि सही कोणाची

आधी आला रॉडनी, आणि तोही डोनटचा खोका घेऊन. रॉडनी माझा एकुलता मुलगा, वय अठ्ठावन्न, आणि आईकडे येताना त्याने आजवर काही आणलं असेल तर भूक. तेव्हाच मी ओळखलं की मागून कोणीतरी येतंय. पाच मिनिटांत गॅस कंपनीची पांढरी गाडी चढण चढून आली. एक तरणा पोरगा उतरला, बूट असे कोरे की चिखलाशी ओळखच नाही, आणि त्याच्यामागे फाइल छातीशी धरलेली एक बाई. ही गोष्ट गेल्या गुरुवारची, ७ एप्रिलची. ती सांगितल्याशिवाय पुढच्या वाटण्या कोणाला उमगायच्या नाहीत, म्हणून तिथून सुरुवात केली. पण वकीलबाईंनी बजावलंय की ठरलेलं वाक्य आधी आलंच पाहिजे. तर ते घ्या.

मी व्हर्डा जेन स्टॉलनेकर, कैलासवासी ओकी स्टॉलनेकरची बायको, वय एक्याऐंशी, राहणार पॉपॉ फोर्क, रिची काउंटी, वेस्ट व्हर्जिनिया, शिक्षण सातवी आणि अर्धी आठवी, हे मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत माझ्याच हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. लालूच दाखवली ती डोनटची. ते मी खाल्ले, सही मात्र केली नाही. २००९ सालचं मृत्युपत्र, ज्यात सगळं रॉडनीला दिलं होतं, ते आजपासून रद्द समजावं. परवा बुधवारी मॉर्गनटाउनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, माझ्या वयाच्या शंभरांतल्या पंच्याण्णव बऱ्या होऊन घरी जातात. हा कागद उरलेल्या पाचांसाठी.

कलम पहिले. राहतं घर, गोठा, ट्रॅक्टर आणि वरची साठ एकर जमीन रॉडनीला. छप्पर मागच्या बाजूने गळतं, त्याने ते दोन उन्हाळे नुसतं बघितलं आहे, आता स्वतःचं म्हणून तरी दुरुस्त करील. ओकीच्या करवती आणि पाने त्यालाच. तळघरातला मोठा फ्रीजरही त्याला. हा फ्रीजर ओकीने १९८८ साली कंपनीचा एक चेक वटवून आणला. चेकबरोबर बारीक अक्षरांचा कागद होता. चेक वटवला म्हणजे कागद मान्य, असं त्यात लिहिलेलं, आणि कागदात लिहिलेलं की विकलेल्या गॅसमधून आमची रॉयल्टी आठवाच हिस्सा, वर त्यातून नळांचा खर्च, दाबाचा खर्च आणि देव जाणे कशाकशाचा खर्च कापायचा. ओकी माणूस सोन्यासारखा, पण कागद वाचायचा म्हटला की त्याला झोप यायची. चौतीस वर्षं आम्ही त्या फ्रीजरची किंमत फेडतोय. बर्फ मात्र अजून चांगला धरतो.

कलम दुसरे. बिडाचा मोठा तवा माझी नणंद नीवा हिला देऊ नये. तिने तो चर्चच्या जेवणाला म्हणून नेला आणि अकरा वर्षं परत केला नाही. मी तिच्या मयताच्या जेवणाला गेले तेव्हा तिच्याच ओट्यावरून उचलून आणला. ती गेली आहे, तेव्हा देण्याचा प्रश्न नाही, पण तिच्या मुली मागतील. नाही म्हणा. तवा विल्मा कटराइटला, जी पलीकडच्या टेकडीवर राहते आणि मागून नेलेली वस्तू भरून परत करते.

कलम तिसरे. जंगली लसणीचा पाला कुठे उगवतो ती जागा मी कागदावर लिहिणार नाही. मॅकेनाला ठाऊक आहे. मॅकेना म्हणजे रॉडनीची मुलगी, माझी नात, शाळेची बस चालवते. यंदाचा पाला आता ऐन भरात आहे, बटाट्याबरोबर परतून डुकराच्या चरबीत खावा. मुळासकट उपटू नये, एक पान मागे ठेवावं.

कलम चौथे. हेच खरं कलम. बाकीची मी हात मोकळा व्हावा म्हणून लिहिली.

वरची जमीन वेगळी आणि खालचा गॅस वेगळा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या शेताखालचा सगळा गॅस आणि तेल मी मॅकेनाला देते, अखंड, तुकडे न करता. त्यातून जी रॉयल्टी येईल तिचा तिसरा भाग रॉडनीला तो जिवंत असेपर्यंत मिळावा. पण सही फक्त मॅकेनाची. नवा करार करायचा, जुना मोडायचा, कोणाला भोक पाडू द्यायचं, कोणाला हाकलायचं, ते तिने एकटीने ठरवायचं. पैसा वाटून घ्या, सही वाटू नका. सह्या वाटल्या की काय होतं ते कटराइटांच्या चुलतभावांना विचारा. सतरा जण आहेत आणि नाताळला सतरा वेगळी ताटं मांडतात.

आता कारण. गोठ्यामागे आमची जुनी विहीर आहे, गॅसची. करारात एक ओळ आहे: विहिरीतून गॅस निघतो आणि विकला जातो तोवर करार जिवंत. १८ फेब्रुवारी २०२० ला लोनी आला. लोनी स्प्रूस हा विहिरीवरचा कंपनीचा माणूस, वीस वर्षं दर आठवड्याला यायचा आणि माझ्याकडे कॉफी प्यायचा. म्हणाला, "व्हर्डामावशी, भाव मेलाय. व्हॉल्व्ह बंद करून घरी जा म्हणालेत. मीही घरीच." त्याने व्हॉल्व्ह फिरवला, टोपी काढून विहिरीकडे पाहिलं, जसं मयतीला पाहतात, आणि गेला. कंपनी त्या विहिरीला विसरली. मी विसरले नाही.

मी करार काढून वाचला. चार वेळा वाचला, कारण पहिल्या तीन वेळा काही कळलं नाही. मग बस धरून हॅरिसव्हिलला वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, दोन वर्षांच्या वर गॅस निघाला नाही आणि विकला नाही, तर कंपनीने विहीर सोडून दिली असं कोर्ट धरून चालतं. उलटं सिद्ध करायचं ते कंपनीने करावं. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "पण तुमची शेगडी त्याच विहिरीवर चालते ना, आजी?" चालतच होती. आमच्या जुन्या करारात घराला गॅस फुकट, शेगडी, हीटर, सगळं त्याच नळावर. त्या म्हणाल्या, घरचा जाळ म्हणजे विक्री नव्हे, पण कंपनीचे वकील त्यावरही भांडतील.

भांडायला धागाच नको, म्हणून ७ मार्च २०२० ला मी लोनीकडून घरचा नळ बुचाने बंद करून घेतला आणि सासूबाईंची लाकडाची चूल पुढे ओढली. तेव्हापासून या घरात त्या विहिरीचा फुगाभर गॅस जळलेला नाही. पैशाच्या गॅसवर बसून दोन हिवाळे मी लाकूड जाळलं. दर महिन्याच्या एक तारखेला तळघरातल्या गॅसच्या मीटरचा आकडा अंत्यविधीवाल्यांनी फुकट वाटलेल्या कॅलेंडरवर लिहिला. पंचवीस महिने तोच आकडा. कॅलेंडरं पिठाच्या डब्यामागे आहेत.

सगळ्या पॉपॉ फोर्कने म्हणून घेतलं की म्हातारी भ्रमिष्ट झाली. रॉडनी ओरडला, पाद्री समजूत घालून गेले. मॅकेना फक्त दर शनिवारी येऊन लाकूड फोडायची. एकदा विचारलं, "आजी, हे किती दिवस चालायचं?" मी म्हटलं, मार्च बावीसपर्यंत. तिने बोटांवर मोजलं, माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि परत विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. रॉडनीला मी सांगितलं नाही कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पंपावर कोणी विचारलं असतं तरी सांगून टाकलं असतं.

आता गुरुवार. गॅसचा भाव दोन वर्षांपूर्वीच्या तिपटीवर गेलाय, आणि भाव चढला की कंपनीची स्मरणशक्ती परत येते. कोऱ्या बुटांचा पोरगा व्हरांड्यात बसला, माझ्या आरोग्याची चौकशी केली आणि एक कागद पुढे केला. जुना करार कधी तुटलाच नाही, तो चालू आहे, असं त्यात मी कबूल करायचं होतं. बरोबर एक चेक, बंद विहिरीचं भाडं म्हणून. नुसती औपचारिकता, आजी, असं तो तीनदा म्हणाला. तीनदा म्हणाला म्हणजे नव्हती. टेकडीपलीकडे विल्माच्या जमिनीवर याच वर्षी नवा करार झाला. पाचवा हिस्सा, एक पैची कापाकाप नाही. मी सही केली असती तर मॅकेनाच्या नातवंडांनाही ओकीचाच आठवा हिस्सा मिळाला असता.

मग त्या बाईने फाइल उघडून गोड आवाजात विचारलं, "फुकट गॅस मिळतोय ना नीट? थंडीत काही अडचण?"

मी उत्तर द्यायच्या आत रॉडनी बोलला. "आई कुठला गॅस वापरते. दोन वर्षं लाकडं जाळतेय."

त्या बाईचं पेन थांबलं. पोरग्याने तिच्याकडे पाहिलं. मी मुद्दाम महिने मोजतेय हे त्यांनी ओळखलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी व्हॉल्व्ह उघडून गॅस विकला असता आणि करार चालूच आहे म्हटलं असतं. माझी झडप की जे काय आहे ते एकदम फडफडलं. आतली थंड शेगडी दारातून दिसत होती, वर बरण्यांची रांग मांडलेली. मी उठले आणि दारात उभी राहिले, मी अंगाने रुंद आहे ते बरंच आहे, आणि म्हटलं, "लाकडावर मक्याची भाकरी खरपूस होते, बाळा. आणि नळातून ओकी बोलतो, मला झोप येत नाही."

ती बाई हळूच हसली आणि पेन परत चालू लागलं. रॉडनी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. जाळीच्या दारातून मी ऐकलं. तो म्हणाला, "तिचं डोकं आता पूर्वीसारखं नाही. ऑपरेशन होऊ दे, मी बघतो सहीचं."

ते मला लागलं. पण त्याहून मोठं म्हणजे, मीच त्यांच्या हातात काठी दिली. मी वेडी, तर माझं मृत्युपत्रही वेडीचं. म्हणून इथे स्वच्छ लिहिते: नळातून ओकी कधी बोलला नाही. तो जिवंतपणीही फारसा बोलायचा नाही. ते मी विचारपूर्वक खोटं बोलले आणि मला त्याचा फार आनंद आहे. पंचवीस महिने आकडे लिहिणाऱ्या बाईला ज्या कोणाला भ्रमिष्ट म्हणायचं असेल त्याने आधी ती कॅलेंडरं वाचावीत.

रॉडनी, हे वाचताना तुझे कान लाल होतील. तू वाईट नाहीस. तुला वाटलं आईला थोडं सुख मिळावं. पण बाबा, तू तुझ्या बापाचा मुलगा आहेस, तुलाही कागद पाहिला की झोप येते. म्हणून तुझा वाटा तुला, आणि सही तुझ्या मुलीला.

कलम पाचवे. कंपनीवाले ठेवून गेले तो चेक टेबलाच्या खणात आहे. तो कोणीही वटवू नये, फाडूही नये. मॅकेनाने वकीलबाईंच्या हातून टपालाने परत पाठवावा आणि पोचपावती जपावी.

कलम सहावे. बँकेतली शिल्लक पुरण्याच्या खर्चाला. जेवण साधं ठेवा: घेवड्याची आमटी, मक्याची भाकरी आणि विल्माचे पेपरोनी रोल. पाद्रींनी दहा मिनिटांच्या वर बोलू नये.

वरील मजकूर माझा, अक्षर माझं, चुका माझ्या.

व्हर्डा जेन स्टॉलनेकर (सही)

आम्ही दोघे साक्षीदार, आम्हाला यातून काही मिळत नाही. व्हर्डामावशीने आमच्यासमोर सही केली. आज वार सोमवार हे तिने न विचारता सांगितलं आणि लोनीच्या कॉफीत साखर कमी आहे हेही. वर लिहिलेल्या तारखेला व्हॉल्व्ह मी, लोनीने, बंद केला आणि घराच्या नळाला बूच मीच लावलं.
लोनी स्प्रूस (सही)
आर्डेथ मोट्स, टपाल कचेरी (सही)

(विल्माची सही घेतली नाही. तिला तवा मिळतो, म्हणून चालत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. ती रुसली आहे.)

स्थळ: पॉपॉ फोर्क. सोमवार, ११ एप्रिल २०२२.

ता.क. मी बरी होऊन आले तर दार मी उघडीन. नाही आले तर मॅकेनाने व्हरांड्यातल्या माझ्या खुर्चीत बसावं, बापाला शेजारी बसवावं आणि या कागदाची नक्कल पुढ्यात ठेवावी. कंपनीच्या त्या दोघांना सही हवी आहे, तर ती कोणाची लागते ते तिने सांगावं. ते गुड फ्रायडेला, १५ तारखेला, सकाळी दहा वाजता परत येतो म्हणून गेले आहेत.