एक नंबरची चिठ्ठी

२ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सगळं ठीक म्हणालीस, पण तुझ्या मागे बादलीत टपटप चालली होती, ती मी ऐकली. छत बघून घे. फोनवर सांगितलेलं तू विसरतेस म्हणून लिहून पाठवतोय. हा कागद भिंतीला लाव.

नदीचा बांध गेल्या वर्षी दोन ठिकाणी झिरपला होता. यंदा वादळाचा अंदाजही वाईट आहे. पुराच्या दिवशी रुग्णालय तुला ड्यूटीवरून सोडणार नाही, हे धरूनच चालू. इशाऱ्याचा भोंगा वाजला की माझा मुकादम चार माणसं नि ट्रक घेऊन येईल आणि सगळं टेकडीवरच्या शाळेत नेईल. पण त्याला आपलं घर माहीत नाही. म्हणून आमच्या सामान हलवायच्या धंद्याची रीत वापरू. प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी लावायची. आधी एक उचलायचा, मग दोन. माझ्या माणसांना मी एकच शिकवलंय, चिठ्ठीचं ऐकायचं, घरच्यांचं नाही. ऐन वेळी घरची माणसं फुटका आरसा कवटाळून बसतात आणि कागदपत्रं विसरतात.

एक नंबर आबांच्या खाटेला. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना खाटेसकट उचलणंच बरं. दोन औषधांचा डबा, तीन कागदांची पेटी. आईचं शिलाई मशीन शेवटी, सव्वीस. लोखंडच ते, भिजलं तर पुसता येईल.

पाठीवर कपाटं घेऊन जिने चढणारा मी, या चिठ्ठ्यांच्या जोरावर इथवर आलो, तेव्हा हसू नकोस. लोभ आहेच, कामाला लागलीस तर वाढेल.

तुझा,
दादा


११ मे

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

छत दुरुस्त केलं. तुझ्या कानांनाही एक चिठ्ठी लावायला हवी! सव्वीसच्या सव्वीस चिठ्ठ्या लावून झाल्या. शेजारीण डोकावून विचारून गेली, लिलाव कधी आहे म्हणून. रविवारी गल्लीतल्या चौघांना बोलावून तालीम घेतली. खाट साडेचार मिनिटांत दाराबाहेर. चौकटीत ती जरा तिरकी करावी लागते, मुकादमाला सांगून ठेव.

आबांचं मात्र काही खरं नाही. मी खाटेच्या पायाला चिठ्ठी लावत होते, तर म्हणाले, वर 'सांभाळून, आत काच आहे' असंही लिही की. मग हळूच विचारलं, तो स्वतः येणार आहे का. मी म्हटलं, त्याचा मुकादम येणार आहे, अगदी भरवशाचा माणूस आहे. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवायलाही वळले नाहीत.

तू घरी येऊन सहा वर्षं झाली, दादा. आधी पंखा पाठवलास, मग खाट, आता मुकादम. लिहिल्यावाचून राहवेना. राग आला तर पोटात घाल, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१८ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

राग आला नाही, लागलं थोडं. पण मी येऊन काय दिवे लावणार? माझी पाठ कामातून गेलीय, भाजीची पिशवी उचलवत नाही. मुकादम माझ्याहून दसपट बरा. आबांचं म्हणशील, तर चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस तो, आता त्याला हलवायला चार जण लागतात. चिडणारच. उतरेल राग. दमट हवेत गोंद सुटतो, चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत ना तेवढं बघत जा.

लोभ होता तेवढाच ठेव, कमी करू नकोस.

दादा


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. आबा वाचले. शाळेत चार बाकं जोडून निजवलंय, ताप उतरतोय. फोन बंद आहेत म्हणून हे पत्र मुकादमाच्याच हाती देते.

काल दुपारी भोंगा वाजला तेव्हा मी रुग्णांना वरच्या मजल्यावर हलवत होते. मुकादम वेळेत घरी पोचला. एक नंबरची चिठ्ठी आईच्या मशीनवर होती आणि खाटेच्या पायाला सव्वीस. मशीन खाटेला लागूनच असतं, आबांचा हात पुरतो. चिठ्ठ्या त्यांनीच बदलल्या होत्या.

मुकादम घुटमळला. आबांना म्हणाला, आधी तुम्ही चला. आबांनी त्याला फटकारलं, मालकाने काय शिकवलंय तुला, घरच्यांचं ऐकायचं की चिठ्ठीचं? वर सांगितलं, मुलगी मला न्यायला निघालीच आहे. त्याने आधी मशीन उचललं, मग पंचवीसपर्यंत सगळं; ट्रक भरला, खाट मागे राहिली. ट्रक शाळेत रिकामा करून तो परत फिरला, तोवर बांध फुटला होता.

छातीभर पाण्यातून तो घरात गेला. खाट तरंगत होती आणि आबा खिडकीचे गज धरून होते. कपाट उचलायच्या पट्ट्याने त्याने आबांना पाठीशी बांधलं आणि बाहेर आणलं. वाटेत आबा एवढंच म्हणाले म्हणे, अशीच कपाटं वाहून माझा पोरगा मोठा झाला. हे सांगताना मुकादम रडला. त्याला कामावरून काढू नकोस. त्याने तुझंच ऐकलं.

मी आबांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, ज्या मशीनवर तुमच्या आईने तुम्हा दोघांचे कपडे शिवले, ते त्याच्या लेखी सव्वीस. आणि मी एक, म्हणजे सामानातलं पहिलं सामान. सामान न्यायला मुकादम येतो. बापाला न्यायला मुलगा येतो.

पाणी पुन्हा चढणार आहे, टेकडीचा रस्ता बुडेल म्हणतात. शुक्रवारी शाळाही रिकामी करायची आहे. आबा म्हणतात, मी बाकावरून हलणार नाही.

या वेळी लोभ वगैरे काही मागत नाही.

धाकटी


१० जून

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

सहा वर्षांत तुम्हाला एक पत्र लिहिलं नाही. लिहायचं ते धाकटीला आणि त्यातच कुठेतरी तुमचं नाव. चूक मुकादमाची नाही, माझी. तो कामावर आहे. हे पत्र घेऊन तोच येतोय, त्याला दोन शब्द गोड बोला.

शुक्रवारी सकाळी शाळेत पोचतो. ट्रक नाही, माणसं नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. फक्त पट्टा आणतोय. आईचं मशीन धाकटी पुढे घेऊन जाईल, त्याचा नंबर तुम्ही लावलात तोच राहू दे.

पाठ कामातून गेली असं मी धाकटीला लिहिलं होतं. ते खरंच आहे. पण एका माणसापुरती उरली असेल.

लोभ मागायला तोंड नाही. वाट बघा, एवढंच मागतो.

तुमचा,
थोरला