नेरचा लेफ्ट आउट

अब्बा, तुम्हाला मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला थांबले. आपल्या घरात हिंदी चालायची, लग्नाच्या पत्रिका यायच्या त्या उर्दूत, आणि मी मात्र जन्मभर शाळेत मराठी शिकवत आले. तुम्हीच मला मराठी शाळेत घातलंत. पण तुमची एक गोष्ट मराठीतच होती, ती म्हणजे फुटबॉल. बाजार, दवाखाना, नातेवाईक यांचं बोलणं हिंदीत व्हायचं, आणि बॉलचा विषय निघाला की तुम्ही थेट वऱ्हाडीवर यायचात, कारण मैदानावर आपल्या पांढरकवड्याची सगळी पोरं तेच बोलायची. अम्मीही मग त्याच बोलीत उत्तर द्यायची. म्हणून हे असं लिहितेय. त्या हिवाळ्याबद्दल लिहायचंय, जेव्हा तुम्ही आणि नेरचे मामू मिळून एका मॅचची आखणी करत होतात, जी कधी होणारच नव्हती.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मी यवतमाळला डी.एड. करत होते आणि सुट्टीत घरी आले होते. हायवेलगतचं तुमचं गॅरेज उघडं असायचं, पण आत काम नसायचं. एरवी त्या दिवसांत तुम्ही सरकी काढायच्या जिनिंगमध्येच राहायचात, यंत्रांच्या दुरुस्तीमागे, आणि घरी याल तेव्हा भुवयांनासुद्धा कापसाचे धागे चिकटलेले असायचे. त्या वर्षी जिनिंग थोडे दिवस चाललं आणि बंद पडलं. तुमचे दोस्त काका, म्हणजे एकेकाळी पांढरकवड्याचा गोल राखणारे गोली, त्यांच्या पुढच्या खोलीत छताला लागेल इतका कापूस भरलेला होता. भाव येईना म्हणून त्यांनी तो विकला नव्हता. पाहुणे आले की काकू त्यांना मागच्या दारानं घरात घ्यायची. रोज दुपारी काका तुमच्याकडे येऊन टायरवर बसायचे, दोघं हायवेकडे बघत राहायचात. मी चहा घेऊन आले की तुम्ही उगाच पाना हातात घ्यायचात, ते मला दिसायचं.

एक दिवस काका म्हणाले, "मिस्त्री, औंदा टूर्नामेंट नाई होत म्हन्तेत."

"काहून?"

"खर्च कोन करीन? कापूसवाले सोताच आडवे झाले."

 तुम्ही उठलात, खडू घेतलात आणि कोब्यावर एक मोठं मैदान काढलंत. "नाई होत तं नाई," तुम्ही म्हणालात, "आपण आपली खेळू. आजवरचे जेवढे भारी लोक झाले, त्यांतून अकरा काढू. जिता असो का मेला. ज्याचा जो हंगाम सगळ्यात बेस, त्या हंगामातला तो घ्यायचा."

"समोर कोन?"

"समोर..." तुम्ही थांबलात.

"नेर," काका म्हणाले. "दुसरं कोन हाये?" आणि म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली.

नेर म्हणजे अम्मीचं माहेर. मामू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, नेरचा लेफ्ट आउट, डाव्या कडेनं चाल करणारा. त्याला पाहिलेली माणसं अजून सांगतात की बॉल त्याच्या डाव्या पायाला विचारून वळायचा. नागपूरच्या एका मोठ्या संघानं त्याला बोलावलं होतं. तो जायच्या आधी पांढरकवड्याच्या मैदानावर फायनल झाली, नेर विरुद्ध आपण, आणि तुम्ही बॅकला, बचावाला होतात. तुमचं लग्न होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील, मी अम्मीच्या कडेवर होते. मामू आत वळला, तुम्ही पाय घातलात, आणि त्याचा गुडघा गेला तो गेलाच. नागपूर राहिलं. त्यानं नेरच्या बस स्टँडजवळ चहाचं हॉटेल टाकलं. तेव्हापासून तो आपल्या घरी आला नाही आणि तुम्ही नेरला गेला नाहीत. अम्मी माहेरी जायची तेव्हा तुम्ही तिला बसमध्ये बसवून द्यायचात आणि बस हलायच्या आत वळून निघायचात. घरात त्या फायनलचं नाव कोणी घेत नव्हतं.

तरीही तुम्ही खडूनं समोरच्या अर्ध्या मैदानावर 'नेर' लिहिलंत.

आपला संघ काढायला चार-पाच दिवस गेले असतील. येणारा-जाणारा थांबायचा. पंक्चर काढून घ्यायला आलेला हैदराबादचा ट्रक ड्रायव्हरसुद्धा उकिडवा बसून सल्ला देऊन गेला. सेंटर फॉरवर्डला तुम्ही जवळच्या एका गावचा तो उंच मुलगा घेतलात, जो मागच्या पावसाळ्यात गेला होता. त्या वर्षांत आपल्याकडे शेतात माणसं जशी जात होती, तसाच. काका हळूच म्हणाले, "त्याले घ्याचं का मिस्त्री? त्याच्या घरच्याईले वाईट वाटीन." तुम्ही म्हणालात, "त्याचं नाव कोनी घेत नाई, त्याचं वाईट वाटते त्याईले. तो पह्यला." दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा बाप बाजाराला आला होता. तो गॅरेजमध्ये आला, नाव लिहिलं होतं तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याले बॉल डोक्यावर द्यान. खाली नोका देऊ." एवढंच बोलून गेला. तुम्ही लगेच बाण पुसून राइट आउटला लांब पल्ल्याचा क्रॉस मारायला लावलंत.

पण नेरचा संघ कोण काढणार? काकांना अर्धी नावं आठवत नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जेवता जेवता हे सहज बोलल्यासारखं बोललात. अम्मी भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "नेरचा संघ मी काढतो."

तुम्ही हसलात. "तुले काय समजते?"

"आमचं घर मैदानाले लागून होतं. लग्नापर्यंत गच्चीवरून मी दुसरं काय पाह्यलं? तुमचा राइट हाफ दुसऱ्या हाफमधी दमते, हे मले तवाच माहीत होतं."

खरंच दमायचा तो. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी अम्मी मला घेऊन नाक्यावरच्या रुपया टाकायच्या डबा फोनवर गेली. जुनी नावं तिला माहीत होती, नवी मामूला विचारायची होती. पलीकडून मामूनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण अम्मी म्हणाली, "हो, पांढरकवड्याचा तेच काढून राह्यले," आणि डब्यात आणखी एक रुपया टाकला. मग तो बोलायला लागला, आणि मागच्या माणसानं खोकून दाखवेपर्यंत बोलतच राहिला. घरी येऊन अम्मीनं जेवताना तुम्हाला संघ सांगितला. गोली कोण, बॅक कोण, दर्ग्याजवळचा टेलर राइट हाफला. शिवाय निरोप होता: मॅच पांढरकवड्याला नको, तुमचं मैदान नाल्याकडे उतरतं. यवतमाळला ठेवा.

तुम्ही खुशीत आला होतात, मला आठवतं. "त्याले म्हना, यवतमाळ मंजूर. पन दुसऱ्या हाफमधी ऊन तुमच्या डोळ्यावर राहीन." आणि मग विचारलंत, "लेफ्ट आउट कोन सांगितला?"

अम्मीनं दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं.

"आन् तो?"

"तो नाई खेळत म्हन्ते."

तुम्ही जेवण अर्धं टाकून गॅरेजमध्ये गेलात. थोड्या वेळानं अम्मी तुमच्या मागे आली, मी तिच्या मागे. तुम्ही कोब्यावर बसला होतात. अम्मी कधी गॅरेजमध्ये यायची नाही. तिनं पदर सावरून सगळं मैदान पाहिलं, एकेक नाव वाचलं, आणि बॅकच्या जागेवर थांबली. तिथे दोन नावं होती आणि दोन्ही तुमची नव्हती. अकरा जणांत तुम्ही स्वतःला घेतलंच नव्हतं. इतके दिवस ते ना काकांनी बोलून दाखवलं होतं, ना मी.

"वा," ती म्हणाली. "तो तिकडं बसला, तुमी इकडं बसले. मंग मॅच कोनाची लावून राह्यले? माही?" तिचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "सतरा वर्षं मी एकटी बसमधी बसून राह्यली. आता उद्याच्या बसमधी तुमी बसा."

तुम्ही बसलात. मला सोबत घेतलंत, का ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, आलेल्या पोरीसमोर मामू दार लावून घेणार नाही, असं तुम्हाला वाटलं असावं. यवतमाळला गाडी बदलली. नेरपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. कापसाची पऱ्हाटी उभीच होती, वेचणीला माणसं नव्हती, आणि तुम्ही एकदाच बोललात: "ऊन बराबर हाये आज."

मामू भट्टीसमोर उभा होता. मी आधी कितीदा पाहिलं होतं त्याला, पण तुमच्यासोबत पाहताना पहिल्यांदा जाणवलं की तो सगळा भार एकाच पायावर देऊन उभा राहतो. तुम्हाला बघून त्यानं गिऱ्हाइकाचा चहा गाळला, पैसे घेतले, फडक्याला हात पुसले. "बसा दुल्हेभाई," म्हणाला. मला जवळ घेतलं. पाण्याचा पेला आणि तीन चहा आणून समोर बसला. मी घट्ट धरून ठेवलेला चहाचा पेला अजून आठवतो, कारण तो भाजत होता आणि मला ठेवायचं सुचत नव्हतं.

बोलणं तुम्हीच सुरू केलंत. सलाम-दुआ काही नाही. बोट पाण्यात बुडवून तुम्ही टेबलावर रेघा ओढल्यात. "सेंटर हाफ मी मागं घेतो. दोन बॅकचे तीन करतो. राइट हाफ लेफ्ट आउटच्या अंगावर जानार नाई. दूर उभा राहीन, आतली बाजू बंद करीन. त्याले लाईनीकडून जाऊ द्याचं. जाऊ दे, मारू दे क्रॉस. मधी उंच मानसं ठेवले."

मामू टेबलाकडे बघत होता. "हे कोन्या लेफ्ट आउटसाठी? मी देल्ला तो तं लाईनीकडूनच जाते. त्याच्यासाठी एवढं कायले?"

"तुह्यासाठी."

"मी नाई खेळत."

"मले माहीत हाये. पन तू असता तं मी असंच केलं असतं, ते सांगाले आलो."

पाण्याच्या रेघा वाळत होत्या. मामूनं आपलं बोट बुडवून त्या पुन्हा ओढल्या, आणि डावीकडून एक रेघ सुरू करून ती मध्येच आत वळवली. "आन् मी आत वळलो तं?"

तुम्ही तुमचा चहा बाजूला सरकवलात.

"त्या दिवशी वळलो तसा. तवा बॉल होता का तिथं?"

"नव्हता," तुम्ही म्हणालात. "बॉल पुढं गेलता. मले दिसलं होतं. दिसलं, तरी पाय टाकला."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी पोहे मागितले. मामू उठला नाही. मी तुमच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून त्याच्या हाताकडे बघत राहिले. तो हात टेबलावर पालथा पडून होता. मामू म्हणाला, "मले माहीत होतं. तुमी म्हनान का, एवढंच पाहाचं होतं."

मग त्यानं फडक्यानं टेबल पुसलं, बोट पुन्हा पाण्यात बुडवलं आणि विचारलं, "मंग? आत वळलो तं आता काय करता?"

"अडवतो. उभ्यानं अडवतो. नाई अडवता आलं तं गोल होईन."

"पाय नाई टाकत?"

"नाई टाकत."

"मंग बॅकले तुमीच उभे राहा," मामू म्हणाला. "दुसरा कोनी असला तं मी कोनाले चकवू? मजा नाई त्याच्यात."

पुढे तुम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडत होतात. वारा कुठून, टॉस कोणाचा, टेलरला उंच बॉल झेपेल का. मामूनं अम्मीचा तो राइट हाफ दमण्याचा मुद्दा काढला तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, "ते तुह्या बहिनीनं सांगितलं, हे डोकं तुहं नाई!" आणि तो इतका हसला की भट्टीवरचं दूध उतू गेलं. येताना त्यानं अम्मीसाठी चिवड्याचा पुडा बांधून दिला. बसमध्ये तुम्ही झोपलात. प्रवासात झोपलेले तुम्ही मला माहीतच नव्हतात.

निकाल कधी लागला नाही. काका मागे लागले होते की स्कोर सांगा, आणि तुम्ही म्हणायचात, अजून आखणी चालू हाये. ईदला मामू आला. अंगणात खुर्च्या टाकून तुम्ही दोघांनी काकांना गोलमध्ये कुठे उभं करायचं यावर वाद घातलात, आणि काका बिचारे शीरखुर्म्याची वाटी धरून ऐकत होते. टूर्नामेंट पुढच्या वर्षीही झाली नाही. जिनिंग नंतर दुसऱ्या कुणी घेतलं. काकांनी कापूस पडेल भावात विकला आणि पुढची खोली धुऊन काढली. तुम्ही गेलात तेव्हा मामू सकाळच्या पहिल्या गाडीनं आला. कबरस्तान लांब आहे, लोक त्याला म्हणाले, गाडीत बसा. तो बसला नाही. तसल्या गुडघ्यानं, जनाज्याला खांदा देऊन चालत आला आणि मध्ये कोणाला खांदा बदलू दिला नाही, असं काकांनी आम्हाला घरी येऊन सांगितलं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे, शेवटचं सोडून. तरी लिहिलं. कागद मी कुठे पाठवणार नाही आणि अम्मीलाही वाचून दाखवणार नाही, ती म्हणेल, अब्बांना सांगायचं ते माझ्या देखत सांगायचं होतंस. एक गोष्ट मात्र तेव्हाही सांगवली नाही. तुम्ही माझे अब्बा, मी पांढरकवड्याची. पण त्या दुपारी टेबलावर मामूची ओली रेघ आत वळली ना, तेव्हा मला वाटत होतं, गोल व्हावा.