यांच्या बाजूने कोण बसणार

३ जुलै, गुरुवार

फोन यांचा नव्हता. सोमालियाहून यांच्या कंपनीतला अब्दिरशीद म्हणून कोणी बोलला. हैदराबादला शिकलेला, म्हणून हिंदी येते. "भाभी, प्रशिक भाई ठीक हैं. लेकिन गाड़ी से एक औरत मर गई."

बोअरवेलवरचा पाण्याचा टँकर मागे घेताना. बाई डबे घेऊन मागे उभी होती. गाल्कायो नावाच्या गावाबाहेर. टँकरवर हेच होते म्हणे.

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि वरणाला फोडणी दिली.

सासूबाईंचं जेवण झाल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं — "कोनाची होती वं ती?" मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही.

४ जुलै

अब्दिरशीदने आज समजावून सांगितलं. गाल्कायो गाव एकच, पण मधून दोन. वरचा भाग पुंटलँडचा, खालचा गलमुदुगचा. सरकारं वेगळी, कबिले वेगळे. कंपनी वरच्या भागात आहे, बाई खालच्या भागातली होती. म्हणून एवढं वाढलं.

पोलिसांनी नेलं नाही. वरच्या भागातल्या एका म्हाताऱ्याने यांना आपल्या घरात ठेवलंय. "मेहमान हैं, क़ैदी नक्को समझो." पण दाराबाहेर पाय ठेवता येत नाही. बाहेर बाईचे भाऊ आहेत, बंदुका घेऊन.

मी विचारलं, कोर्ट नाही का? म्हणाला, है भाभी, लेकिन सुनता कौन. दोन्हीकडचे म्हातारे झाडाखाली बसतात. जिवाची भरपाई उंटांत ठरते. पुरुषाचे शंभर, बाईचे पन्नास. एकट्याने द्यायची नसते, अख्खा कबिला मिळून देतो. म्हणून पहिला प्रश्न हाच — याच्या बाजूने कोण बसणार? कबिल्याने शब्द दिला की भाऊ बंदुका खाली ठेवतात. नाही दिला तर नाही ठेवत.

संध्याकाळी यांचे मोठे भाऊ आले, धम्मदीपभाऊ. सगळं ऐकून म्हणाले, "बाई होती म्हणून अर्ध्यात निभलं." मी पोळ्या लाटत राहिले.

५ जुलै

कळमन्याच्या बाजारात कांदे आणायला जायचं होतं. नाही गेले. बुद्धवंदना घेतली. मन लागलं नाही, तरी घेतली. लेकीला, मेघाला सांगितलं नाही, तिची टेस्ट आहे.

६ जुलै, रविवार

आज फार वाईट झालं.

अब्दिरशीदचा फोन आला तेव्हा धम्मदीपभाऊ इथेच होते. त्याने विचारलं, प्रशिक भाईचा कबिला कोणता, इथे म्हातारे विचारताहेत. भाऊंचा चेहराच बदलला. मला म्हणाले, "जात विचारून राहिले ते."

मी म्हटलं, "जात नाही भाऊ. पाठीशी कोण आहे ते विचारून राहिले."

"एकच हाय ते. आपल्या बापानं सोडली. समुद्रापलीकडं जाऊन आपण काहून सांगाची?" आणि फोन माझ्या हातून घेतला. "सुनो, हमारा कोई कबिला-वबिला नहीं है. छप्पन में ही छोड़ दिया सब. हम बौद्ध हैं."

मग अब्दिरशीद हळू म्हणाला, "भाई, स्पीकर पे था. बुड्ढे लोगों को बताना पड़ा." त्याने त्यांना सांगितलं होतं ते असं — याचा कबिला नाही.

अंधार पडायच्या आत बाईचे भाऊ त्या दारापर्यंत येऊन गेले. ज्याचं कोणी नाही त्याला मारलं तर विचारायला येणार कोण? म्हाताऱ्याने कसंबसं परत पाठवलं.

धम्मदीपभाऊ खुर्चीवर बसून होते. चहा दिला, घेतला नाही. चूक त्यांची म्हणू की बरोबर म्हणू, मला कळत नाही. माझ्या लग्नात हेच म्हणाले होते, पत्रिकेवर पोटजात छापायची नाही. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

७ जुलै

अब्दिरशीद म्हणाला, निदान बाप-आज्यांची नावं द्या. त्यांच्याकडे लहान पोरालाही पाठ असतात. स्वतःची म्हणून दाखवली — अब्दिरशीद, नूर, फराह, जामा... पाढ्यासारखी. मी थांबवलं, फोनचे पैसे जात होते त्याचे.

सासूबाईंना विचारलं.

"तुह्या सासऱ्याचं नाव लहानू. त्याच्या बापाचं सिताराम. त्याचा बाप गोमा. गोमाचा... थांब. गोमाचा बाप देवाजी. उमरेडकडून आला होता म्हनत."

"त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढचं कोन लिवून ठेवते वं? आपल्याले नाव घेऊन बोलावत तरी होतं का कोनी?"

पाच नावं झाली, हे धरून. पाठवली. अब्दिरशीद म्हणाला, कम हैं, लेकिन हैं.

९ जुलै

विहारात गेले. मारोतरावांना सांगितलं, ते समितीचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले. मला वाटलं, इतरांसारखं मन घट्ट कर म्हणतील. ते म्हणाले, "त्याइले मानसंच पाह्यजे ना? मानसं आहेत आपल्यापाशी. उद्या पौर्णिमा आहे, सारे येतातच. लाव फोन."

धम्मदीपभाऊंनाही त्यांनीच बोलावलं. भाऊ म्हणाले येतो.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वंदना झाल्यावर कोणी उठलं नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर. मेघाने व्हिडिओ लावून फोन उंच धरला, आता तिलाही सांगावंच लागलं. तिकडे मोठं काटेरी झाड, खाली म्हातारे, लाल केलेल्या दाढ्या. एका कडेला हे. दाढी वाढलेली. मला दिसले, पण माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

थोडा वेळ इकडचे तिकडच्यांना बघत राहिले, तिकडचे इकडच्यांना. मग एक म्हातारा काही बोलला. अब्दिरशीद म्हणाला, विचारतात, ये सब इसी के हैं?

मारोतराव म्हणाले, "सब."

"भाई कौन है?"

धम्मदीपभाऊ उभे राहिले. हात जोडले. "मैं सगा भाई. और ये सब भी भाई. इनके तरफ से ज़बान देता हूँ."

तिकडे आपसात बोलणं झालं. मग विचारलं, तुमच्याकडे उंट किती? मारोतराव आमच्याकडे बघून म्हणाले, "सांग त्याले, दोन स्कुट्या आहेत, त्यातली एक बंद." मेघाने ते हिंदीत केलं. अब्दिरशीदने पुढे काय सांगितलं कोण जाणे, पण तिकडे दोघे हसले. इकडेही हसले. मी हसले की नाही आठवत नाही.

बाईचे भाऊ बंदुका खाली ठेवतो म्हणाले. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पाठ दुसऱ्या कोणाची असल्यासारखी वाटली.

१२ जुलै, शनिवार

ठरलं. चाळीस उंटांचे पैसे कंपनी देणार, दहांचे आपण. सासूबाईंनी विचारलं, "उंट काय भाव हाय?" सांगितल्यावर बोटांवर दहाचा हिशोब करत बसल्या. विहारातली घरं वाटून घेणार आहेत, माझ्या पाटल्या जातील. जाऊ देत.

एकच गोष्ट उरली. हात मिळवण्याआधी बाईचा बाप माझ्या तोंडून ऐकणार आहे, की टँकर प्रशिकच चालवत होता. चुकीच्या माणसाकडून मुलीचे उंट घ्यायचे नाहीत त्याला. म्हणाला, पुरुष पुरुषांसाठी काहीही बोलतात, घरात खरं सांगितलं असेल, बायकोला विचारतो. सोमवारी.

तिचं नाव हलीमा होतं. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विहारात तिच्या नावाने मेणबत्ती लावली.

१३ जुलै

पाणी आलं नाही. मेघाचा डबा उशिरा.

१४ जुलै, सोमवार

सकाळी यांचा फोन. पहिल्यांदाच जवळ कोणी नव्हतं. म्हणाले, टँकर मी चालवत नव्हतो. वरसमे म्हणून तिथलाच एक ड्रायव्हर होता. तो जोडे शिवणाऱ्यांतला. तिथेही आहेत असे — कोणी मुलगी देत नाही, जेवायला शेजारी बसवत नाही. त्यांच्या बाजूने झाडाखाली कोणीच येऊन बसत नाही. "त्याचं नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी गेला असता तो. माझ्या तोंडून निघून गेलं, मीच होतो."

मी विचारलं, मग मी काय सांगू?

दुपारी हलीमाच्या बापाने विचारलं. फार म्हातारा आवाज. अब्दिरशीदने हिंदीत सांगितलं. मी म्हटलं — हो, हेच चालवत होते.

संध्याकाळच्या वंदनेत चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सासूबाईंनी म्हटलं. मी त्यांच्या मागून नुसते ओठ हलवले.