अर्धं मिनिट मागे

मांजलपूर, मंगळवार, संध्याकाळ

आज माळ्यावरून बाबांचा रेडिओ काढून सेल घातले. मागच्या वर्षी मीच तो वर टाकला आणि फोनवर रेडिओचं ॲप लावून दिलं. बाबांचं आयुष्य रेल्वेत गेलं. रोज सातच्या बातम्या सुरू झाल्या की भिंतीवरचं घड्याळ लावायचे. "हा फोन मागे आहे गं," म्हणाले होते. मी खेकसले, "बाबा, फोन कसा चुकेल?" पुन्हा तो विषय काढला नाही. मार्चमध्ये गेले, तोवर फोनवरच घड्याळ लावत राहिले.

आज दोन्ही एकदम लावले. रेडिओ बोलला, अर्ध्या मिनिटाने फोन तेच बोलला. म्हणजे बाबांना ठाऊक होतं? माझ्यासाठी रोज चुकीचं लावत होते?

आई तिच्या गुजराती वळणाने म्हणाली, "घड्याळ पुढे कर ने." स्टुलावर चढले. काट्याला हात लाववेना. शेवटचं त्यांनीच लावलंय.