कुलूप लावलेल्या घराची पाळी

रविवार, २ मार्च

चि. बारक्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचे कागद मिळाले. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बरेच असाल असं धरून चालते. पोरीचा फोटो पाहिला. तोंड वाकडं करून बसायची तिची तऱ्हा थेट तुझी आहे, तेव्हा बापाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तिला म्हणावं, आत्याने फ्रॉक शिवून ठेवलाय, मापाचा अंदाज चुकला असेल तर तिनेच जरा वाढावं.

तुझे भावजी नेहमीप्रमाणे लोकांच्या पंपांत डोकं घालून बसलेले असतात. स्वतःच्या घरातला नळ गळतोय तो गळतोच आहे. पण तक्रार तरी कशी करू, गळायला पाणी आहे म्हणून गळतोय. मार्च लागला तरी ओढा वाहतोय, बारक्या. आपण लहान होतो तेव्हा या दिवसांत त्यात नुसते दगड असायचे आणि आई एका घागरीसाठी टेकडीपलीकडे जायची. ती आज असती तर ओढ्याकाठी बसून नुसती बघत राहिली असती.

आता कागदांचं. घर रिकामं आहे, वडील हयात नाहीत, बहिणीची विक्रीला हरकत नाही, अशा तीन ओळींखाली तू पेन्सिलीने फुल्या मारून पाठवल्यास. मला सही कुठे करायची ते कळतं रे. उत्तर द्यायला उशीर झाला तो त्यामुळे नाही. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या पुढे सरकले नाही.

तू शहरात गेलास तेव्हा टेकडीच्या राखणीचं सगळं नवं होतं, म्हणून आधी तेवढं सांगते. झाडं आणि माहिती जंगल राखणाऱ्या एका संस्थेची, परवानगी वनखात्याची आणि राखण गावाची, असा तिघांचा करार झाला. त्या बदल्यात वाळलेलं लाकूड, गवत आणि मध आपला. राखणीसाठी एक काठी केली. ज्या दाराला काठी टेकलेली, त्या घराची त्या दिवशी पाळी. त्या घरातल्या माणसाने काठी घेऊन टेकडी फिरायची, शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फासे काढायचे, वणवा अडवणारी मोकळी पट्टी झाडायची आणि उजेड असतानाच उतरून काठी शेजारच्या दाराला लावायची. वर कुणी भेटलं तर विचारायचं, "पाळी कुणाची?" आणि समोरच्याने घर सांगायचं. चोर असेल तर तो तिथेच अडखळतो.

नियम बाबांनीच घालून दिले, हेही तुला माहीत आहे. त्यातला एक त्यांनी हट्टाने घातला. पाळी माणसाची नाही, घराची. आणि ती सुटायची असेल तर त्याच घरातल्या माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून तोंडाने सांगायचं. तोवर काठी त्या दाराला येणारच. लोक हसले होते. बाबा म्हणाले, "हसा. उद्या एकेक जण हळूच अंग काढून घेईल तेव्हा रडाल."

गेल्या उन्हाळ्यात वरच्या उतारावर वणवा लागला तो बाबांच्या पाळीच्या दिवशी. तू आलास, शोधलंस, आठवडाभर राहिलास. आग विझली, बाबा मिळाले नाहीत. राखेत काहीच मिळालं नाही. एक गोष्ट मात्र तुला तेव्हा कुणी सांगितली नाही, कारण त्या गडबडीत आम्हालाही तिचं काही वाटलं नव्हतं. वणव्याच्या संध्याकाळी काठी शिंपीकाकांच्या दाराला टेकलेली होती. आपल्यानंतरचं दार त्यांचंच. कुणीतरी वरून आणून ठेवली असेल, असं सगळ्यांनी धरलं. कुणी, ते आजवर कुणी पुढे येऊन सांगितलेलं नाही.

मग तू घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे देऊन गेलास. पुढची फेरी आली. आपल्या अलीकडच्या घरातला पोस्टमन सवयीने काठी आपल्या बंद दाराला लावून गेला. चूक लक्षात आल्यावर बिचारा दुसऱ्या दिवशी धावत आला, तर काठी तिथे नव्हती. ती संध्याकाळी शिंपीकाकांच्या दारात आली. टोकाला ओली माती लागलेली.

पोस्टमनला वाटलं काकांनी नेली, काकांना वाटलं पोस्टमननेच आपल्या घराची पाळी केली. दोघांनी एकमेकांचे आभार मानले आणि दोघेही घाईने आपापल्या घरात गेले.

तेव्हापासून तसंच चाललंय, बारक्या. काठी कुलपाला येते आणि पुढे जाते. त्या दिवशी टेकडीवरचे फासे निघालेले असतात, आणि तारेचं वेटोळं करून टोक आत खोचून हद्दीच्या दगडावर ठेवलेलं असतं. तसं वेटोळं कोण करायचं ते मी तुला सांगायला नको. तुझ्या पतंगाचा दोराही ते तसाच गुंडाळून द्यायचे. गावात यावर कुणी बोलत नाही. तुझे भावजी एकदा म्हणाले, "अख्ख्या गावात चोख पाळी कुणाची, तर कुलूप लावलेल्या घराची," आणि स्वतःच्याच विनोदाला घाबरून उठून गेले.

मी एक दिवस नजर ठेवली. शिंपीकाकांच्या ओट्यावर बटणं लावायला घेऊन सकाळपासून बसले. काठी समोर आपल्या दाराला होती. लख्ख ऊन, गल्लीत माणसं ये-जा करत होती. काका म्हणाले, "पोरी, एवढी सुई ओवून दे, मला दिसत नाही." मी मान खाली घातली, दोरा ओवला, मान वर केली. काठी नव्हती. काकांनीही पाहिलं. त्यांनी मशीन सुरू केलं आणि न थांबता कापडाच्या टोकापलीकडे शिवत राहिले. उन्हं कलली तेव्हा ती त्यांच्या दाराला होती. मी मूठ धरून पाहिली. गरम होती. उन्हाने तापते तशी नाही, हाताने होते तशी.

मला भीती वाटली असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मला आनंद झाला. पाळी कधी येते याची मी वाट बघायला लागले. त्या दिवशी मी ओढ्यापर्यंत जायची, वर बघायची आणि परत यायची. एका बाईला आपला बाप आहे एवढं कळायला याहून जास्त काय लागतं? म्हणून तुझ्या कागदावर सही होईना.

पण गेल्या आठवड्यात कराराच्या नूतनीकरणासाठी संस्थेच्या मॅडम आल्या. हुशार बाई आहे, गावाच्या भल्याची आहे. पाळीची घरं त्या सभेत एकेक विचारत होत्या. आपल्यापाशी येऊन म्हणाल्या, "हे घर तर बंद दिसतं. इथली राखण कोण करतं?" राखण समितीच्या सचिवबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "मग हे घर पाळीतून काढू या ना."

शिंपीकाका उठले. आयुष्यात सभेत कधी बोलले नव्हते. म्हणाले, "काढा. पण काठी त्या दाराला आलीच नाही, तर तो माणूस पाळी संपवणार कशी? तो वरच राहील."

मॅडमना कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. आणि मला त्या क्षणी काय कळलं ते सांगते. मी आनंदाने वाट बघत होते, आणि तिकडे बाबा वणव्याच्या दिवसापासून एकच पाळी करत होते. त्यांना ती सोडता येत नव्हती. त्यांनीच घालून दिलेला नियम. त्यांच्या घरातलं कुणी उठून बोललं नव्हतं. तू तिकडे होतास, आणि मी लग्न होऊन गेलेली, मला कोण विचारतंय असं म्हणून गप्प.

मी उठले. म्हटलं, "मी त्या घरातलीच आहे. आमची पाळी आजपासून मी घेते. बाबांना मोकळं करा." सचिवबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "सगळ्यांना मान्य?" सगळे हो म्हणाले. मागून एक हो जरा उशिरा आला. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

काल काठी आली. मी घेऊन वर गेले. पाचोळा गुडघ्याएवढा साचलाय. थोडं चढल्यावर मागून पाचोळा वाजायला लागला. मी थांबले की थांबायचा. मी चालले की चालायचा, घाई नाही, काही नाही, लहानपणी मला सायकल शिकवताना ते मागे यायचे तेवढ्याच अंतरावर. मी फासे काढले, पट्टी झाडली. ओढ्याच्या उगमापाशी पोचल्यावर मागून, अगदी जवळून, कुणीतरी विचारलं, "पाळी कुणाची?"

आवाज घोगरा झालाय त्यांचा. धूर गेला असेल.

मी मोठ्याने आपलं घर सांगितलं. मग माझं नाव सांगितलं. मागे पाचोळा जागच्या जागी एकदा वाजला. मग पावलं वळली आणि उतरायला लागली, गावाकडे. मी तिथे बसून पोटभर रडले. म्हटलं, गेले. आता खरंच गेले. घरी जाऊन सही करायची, असंही ठरवलं.

फेरी पुरी करून उतरले, काठी शिंपीकाकांच्या दाराला लावली. काका गल्लीच्या मधोमध उभे होते, गळ्यात टेप तशीच. म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच होती ना?" माझ्या पदराला होती. मी वळून पाहिलं. आपलं दार उघडं होतं. कुलूप बंदच्या बंद, खिळ्याला अडकवलेलं.

उंबऱ्याच्या आत बाबांचे बूट होते, टाचा भिंतीला लावून, शेजारी शेजारी. चिखल अजून ओला होता.

हे पत्र मी आपल्याच घरात बसून लिहिते आहे. तुझे भावजी दोनदा गल्लीतून हाक मारून गेले, आत आले नाहीत. त्यांच्यावर रागावू नकोस. कागद सही न करता परत पाठवते आहे. घर रिकामं आहे असं मला लिहून देता येणार नाही. तुझं पत्र मी त्यांना सकाळी वाचून दाखवलं, विक्रीच्या ओळींसकट. सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, त्याला सुटी कधी आहे.

लवकर कळव. ते दाराकडे तोंड करून बसलेत.

तुझी,
ताई